बिनस्टिकरची गाडी

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कॉनी मरोने खाली वाकली आणि राखाडी गाडीच्या मागच्या चाकावर, रस्त्यापासून बोटभर उंचीवर, खडूनं एक आडवी रेघ ओढली. दहा वाजून दहा मिनिटांनी ती पुन्हा येणार होती. रेघ तिथंच दिसली, तर गाडी हललेली नाही हे सिद्ध. मग पार्किंग खात्याला फोन करायचा, आणि अर्ध्या तासात खात्याचा माणूस काचेवर दंडाची पावती लावून जायचा.

राखाडी गाडीला रहिवाशाचं स्टिकर नव्हतं. असल्या गाडीला कॅनरी स्ट्रीटवर दोन तासांपेक्षा जास्त थांबायची परवानगी नाही, हे खांबाखांबावर लिहिलेलं आहे. गाडी कुणाची ते कॉनीला ठाऊक नव्हतं. ती उठायच्या आधीच येऊन उभी असायची, आज या टोकाला तर उद्या त्या. चार रस्ते पलीकडे मोठं इस्पितळ आहे, तिथलं कुणीतरी फुकटात गाडी लावून जातं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

कॉनीला खाष्ट म्हणणारे गल्लीत पुष्कळ आहेत, पण तिची बाजूही ऐकली पाहिजे. फिलाडेल्फियाच्या दक्षिण भागातल्या या अरुंद गल्लीत भिंतीला भिंत लागून चोपन्न घरं आहेत आणि गाड्या लावायला जागा आहेत एकेचाळीस. दहा वर्षांपूर्वी स्टिकरची पद्धत नव्हती, तेव्हा इस्पितळात येणारे, कॉलेजची पोरं, सामना बघायला आलेले, सगळे इथंच गाड्या घुसवायचे. कॉनीचा नवरा साल तेव्हा कॅन्सरच्या उपचारांवर होता. जानेवारीतल्या एका दुपारी घरापासून तीन रस्ते लांब गाडी लावावी लागली. साल गोठलेल्या फुटपाथवर सहा वेळा थांबला. कॉनीनं ते सहा थांबे मोजले होते. तो गेल्यावर तिनं दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, खात्याकडे खेटे घातले आणि गल्लीला स्टिकरची पद्धत मिळवून दिली. तेव्हापासून ती गल्लीची प्रमुख होती आणि एप्रनच्या खिशात खडू होता.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तिची शाळेपासूनची मैत्रीण राहायची, लोरेटा किलब्राइड. दीड वर्षापूर्वी लोरेटाची डावी बाजू लुळी पडली. डोकं आणि जीभ मात्र पहिल्यासारखीच चालायची. तिला उठवायला, न्हाऊमाखू घालायला एका संस्थेमार्फत बाई यायची, पण एकही बाई टिकत नव्हती. तीन आल्या, तीन गेल्या. चौथी मूसू ही लायबेरियातून आलेली, पन्नाशीची, कामाला वाघीण. तिला येऊन दोन महिने झाले होते. पिट्सबर्गकडे राहणाऱ्या लोरेटाच्या मुलानं, डेनिसनं, आईला स्पष्ट सांगितलं होतं, "हीसुद्धा गेली, तर मी येऊन तुला इकडच्या वृद्धाश्रमात ठेवणार. आई, पडलीबिडलीस तर तुला उचलणार कोण?" ज्या घरात जन्मले तिथंच मरायचं, एवढीच लोरेटाची इच्छा उरली होती.

कॉनी रोज दुपारी तिच्याकडे जायची आणि बायका टिकत नाहीत म्हणून हळहळायची. "आजकाल कुणाला कामाची चाडच नाही," असं ती दर वेळी म्हणायची.

त्या मंगळवारी दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून कॉनी सकाळी दहालाच घेवडा आणि पास्ता घातलेलं सूप घेऊन निघाली. राखाडी गाडीकडे येताना बघू, असं मनात होतं. तिनं आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं.

लोरेटा पलंग आणि खुर्ची यांच्या मधे जमिनीवर पडलेली होती. कपाळ खुर्चीच्या पायाला लागून फुटलं होतं आणि गाऊन ओला झाला होता.

"सूप सांडू नकोस," लोरेटा म्हणाली. "आधीच एक बाई पुसायची आहे."

"मूसू कुठाय?"

"गाडी हलवायला गेलीय. मला म्हणाली, पाच मिनिटं थांबा. मला दम धरवेना, काय करू? वाटलं, न्हाणीघर चार पावलांवर तर आहे."

कॉनीनं तिला काखेत हात घालून उचलायचा प्रयत्न केला. दोनदा केला. सहासष्ट वर्षांच्या तिच्या पाठीला ते झेपेना. शेवटी तिनं उशी लोरेटाच्या डोक्याखाली सरकवली, कपाळावर रुमाल दाबून धरला आणि शेजारी फरशीवर बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजून गेल्यावर मूसू धापा टाकत आत आली. दारातूनच तिनं पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता खुर्ची ओढली, लोरेटाला कुशीवर वळवलं, गुडघा टेकवला आणि तीन हालचालींत तिला पलंगावर घेतलं.

जखम बांधून झाली. मग मात्र कॉनीला राहवेना.

"आजारी बाईला एकटं टाकून अर्धा तास? गाडी काय पळून जात होती?"

मूसूनं कापूस बाजूला ठेवला. "मी पावणेसातला येते, मिसेस मरोने. त्या वेळेला माझ्या बाजूनं बस नाही. गाडी आणली की दर दोन तासांनी हलवायची. रोज तीनदा. एरवी दहा-पंधरा मिनिटं चालून जातं, पण चाकावर खडू दिसला की मला धडकीच भरते. दोनदा दंड बसलाय, दोन्ही वेळा खडू होता. आज परत होता. गाडी काढली, आणि पुढची जागा मिळेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली."

"कुठली गाडी?" कॉनीनं विचारलं, पण तोवर तिला कळलं होतं.

"जुनी राखाडी."

कॉनीनं हात पाठीमागे नेले. लोरेटा उशीवरून तिच्याकडेच पाहत होती.

"कॉनी, हात दाखव."

"लोरेटा, उगाच..."

"दाखव म्हणते ना."

उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरी भुकटी होती. मूसूनं ती पाहिली. तिनं आवाज चढवला नाही. लोरेटाचा ओला गाऊन उचलून ती न्हाणीघराकडे गेली आणि बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

"आधीच्या तिघींच्या गाड्या?" लोरेटानं हळू आवाजात विचारलं.

कॉनी आठवू लागली. निळी, मागचा दिवा फुटलेली. लाल, लहान. हिरवी, छतावर सामानाची जाळी असलेली. तिन्ही गाड्यांवर तिनं रेघा ओढल्या होत्या आणि तिन्ही दिसेनाशा झाल्यावर तिला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

"मला काय माहीत, त्या तुझ्याकडे येतात? मला सांगायचं नाही का? पाहुण्यांचे पास कशाला असतात मग?"

"पास पंधरा दिवसांचा, त्यावर एकाच गाडीचा नंबर. वर्षाला मोजकेच मिळतात. एकीच्या गाडीचा काढला, तो संपला की ती दंड भरून कंटाळून जायची, नवी यायची, तिची गाडी वेगळी. माझे सगळे संपले. आणि तुला काय सांगू? खडू घेऊन फिरणारा माणूस खात्याचा आहे असंच धरून चाललो होतो आम्ही." लोरेटा थांबली. "मला वाटायचं, माझ्या तोंडाला कंटाळून जातात. खरं सांगते, महिनाभर गोड बोलायचा सराव केला मी. या वयात. आरशासमोर."

कॉनीला हसू आलं नाही. "मी नियमाबाहेर काही केलं नाही," ती म्हणाली. "सूट द्यायला लागलो, तर पुन्हा तीच दाटी होईल. तू विसरलीस का ते दिवस?"

"नाही विसरले. नियम चांगलाच आहे. पहिली सही माझी आहे त्या कागदावर. पण तो कुणासाठी आणला होतास?"

"सालसाठी."

"साल गेला, कॉनी. आता त्याच्या जागी मी आहे. आजारी माणसाला त्याच्या दारापर्यंत पोचता यावं, म्हणून आपण भांडलो. मी तर दाराबाहेरच पडत नाही. माझ्यापर्यंत जे पोचायला बघतात, त्यांना तू अडवतेस. स्टिकर एवढंच सांगतं, की गाडी इथल्या माणसाची आहे का. इथल्या माणसासाठी आलीय का, ते सांगत नाही. ते तुला विचारावं लागेल. नऊ वर्षं तू चाकं बघितलीस. एकदा मान वर करून विचारलं असतंस, बाई तू कुठं आलीस, तर काय बिघडलं असतं?"

कॉनी लोरेटापाशीच बसून राहिली. दाताच्या डॉक्टरकडे ती गेलीच नाही.

बुधवारी सकाळपासून ती पुन्हा दारोदार फिरू लागली. या वेळी सह्या नको होत्या, प्रत्येक घराचा एखादा न वापरलेला पास हवा होता. नुसतं "लोरेटासाठी द्या" म्हटलं असतं, तर काम सोपं झालं असतं. पण पहिल्याच दारात तिला प्रश्न आला, "लोरेटाचे कसे संपले?" आणि खोटं बोलायला तिची जीभ वळेना. मग प्रत्येक दारात तिनं तेच सांगितलं: खात्याला फोन मी करत होते, चाकांवर खडू मी मारत होते, त्यामुळे तिच्याकडच्या बायका गेल्या आणि ती पडली.

काहींनी तिचा हात धरला. व्हिन्स तालियेरीनं मात्र दार अर्धंच उघडलं.

"म्हणजे माझ्या मेहुण्याला नाताळच्या दिवशी पावती तूच लावलीस?"

"हो."

"आणि आता पास मागायला माझ्याच दारात?"

"हो, व्हिन्स."

"धन्य आहेस बाई," तो म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

शुक्रवारपर्यंत सहा पास जमले. त्यातला एक कॉनीचा स्वतःचा. ते घेऊन ती मूसूकडे गेली. मूसू लोरेटाचे केस विंचरत होती.

"सगळे मिळून नव्वद दिवसांचे आहेत," कॉनी म्हणाली. "तुझ्या गाडीचा नंबर लिहायचा, बस. आणि मूसू, माझं चुकलं."

मूसूनं कंगवा थांबवला. "तुम्ही आलात, बरं झालं. पण मी बुधवारीच संस्थेला कळवलंय. उपनगरात एक घर आहे, त्यांच्या अंगणात गाडी लावता येते. उद्या माझा इथला शेवटचा दिवस."

"थोडे दिवस तरी..."

"त्या पडल्या तेव्हा मी तिथं नव्हते. ते माझ्या नावावर लागलंय संस्थेत, तुमच्या नाही." तिनं पुन्हा केसांत कंगवा घातला. "पास टाकू नका. माझ्यानंतर येईल तिला द्या. आणि तिला पहिल्याच दिवशी द्या."

रविवारी डेनिस आला. सव्वा तास गल्लीभोवती घिरट्या घालून घामाघूम होऊन तो घरात शिरला.

"आई, मला फक्त दोन तास आहेत. गाडीला स्टिकर नाही."

"मग भराभर बोल," लोरेटा म्हणाली. "आमची प्रमुख कडक आहे."

डेनिसनं कोपऱ्यातल्या कॉनीकडे पाहून मान हलवली, पण तो हसला नाही. "चार बायका, आई. चारही गेल्या. कपाळ फुटलंय. अजून कुणाच्या भरवशावर ठेवू तुला? तिकडची खोली पाहून आलोय मी. खिडकी आहे, बाग आहे."

लोरेटाची उजवी मूठ चादरीवर आवळली गेली. भरवशाचं म्हणून दाखवायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

कॉनी उभी राहिली. डेनिसला तिनं पाळण्यात पाहिलं होतं. दारोदार सांगितलेली गोष्ट इथं सांगणं सगळ्यांत अवघड गेलं.

"त्या चौघी वाईट नव्हत्या, बाळा. तुझ्या आईमुळेही गेल्या नाहीत. मी घालवल्या त्यांना."

तिनं सगळं सांगितलं. डेनिस ऐकत राहिला, आणि त्याचा चेहरा लाल होत गेला.

"कॉनीमावशी, लहानपणी तुमच्या घरी जेवलोय मी," तो शेवटी म्हणाला. "माझी आई फरशीवर पडली होती."

"माहीत आहे. मी तिच्या शेजारी बसले होते. उचलता आलं नाही मला. ते उचलणं ज्यांना येतं, त्यांना दारापर्यंत येऊ दे, एवढंच मागते. नव्वद दिवसांचे पास आहेत. तेवढे दिवस दे."

"आणि नव्वद दिवस संपल्यावर?"

"उरलेली दारं आहेत."

तो खिडकीशी गेला. पावणेदोन तास झाल्यावर त्यानं गाडीची किल्ली काढली, आईच्या कपाळावरच्या पट्टीला ओठ लावले आणि म्हणाला, "नव्वद. त्यानंतर माझं ऐकायचं." कॉनीचा निरोप न घेताच तो गेला. त्यानं तिला माफ केलं नव्हतं, आणि तशी अपेक्षा करण्याचा हक्क आपल्याला नाही हे तिला समजत होतं.

नियमाशिवाय गल्ली चालत नाही. गावातल्या प्रत्येक दाटीच्या रस्त्यावर कुणीतरी नियम धरून ठेवावाच लागतो, आणि ते काम करणारा माणूस शिव्याच खातो. पण नियम माणसांच्या सोयीसाठी केलेला असतो. तो कुणावर तरी चालवण्याआधी समोरचा कोण, कशासाठी आलाय, एवढं विचारायला कधीच दोन तास लागत नाहीत. आपण ते विचारत नाही, आणि आपलंच माणूस कुठंतरी जमिनीवर पडून राहतं.

सोमवारी सकाळी साडेसहाला कॉनी कोट घालून लोरेटाच्या पायऱ्यांवर उभी होती. पावणेसातला एक पांढरी गाडी हळूहळू गल्लीत शिरली, दोनदा पुढे-मागे झाली आणि जेमतेम जागेत बसली. आतून एक तरुण बाई उतरली आणि धास्तावून खांबावरची पाटी वाचू लागली.

कॉनी पेन आणि पास घेऊन तिच्यापाशी गेली. पासावर नाव लिहायला रकाना नव्हता, फक्त गाडीच्या नंबराचा होता.

"ये," कॉनी म्हणाली. "लोरेटाकडेच आलीस ना? आधी सांग, तुझं नाव काय?"