धागा तोडणाऱ्या मशीनचं पान

दवाखान्यातून फोन आला तेव्हा माझ्या हातात एका बाईंच्या शिलाई मशीनची बॉबिनकेस होती. नंबर बायकोचा होता, म्हणून मीच आधी बोललो, "झाली का तपासणी? येतो न्यायला." पलीकडे नर्स होती. तिने माझं नाव विचारलं, मग नातं विचारलं, मग सांगितलं. साध्या तपासणीला गेलेली माझी बायको अकरा वाजता वारली होती.

समोरच्या बाईंना मी म्हणालो, "मशीन उद्या देतो." बॉबिनकेस तशीच खिशात घालून निघालो. ते मशीन सतरा दिवसांनी दिलं.

त्या बाई आमची जाहिरात बघून आल्या होत्या. दुकानात मशीन मी उघडायचो आणि गिऱ्हाईक बायको आणायची. इंटरनेटवर कुणी 'शिलाई मशीन धागा तोडतं' असं शोधलं की आमची जाहिरात दिसायची. शोधायच्या त्या शब्दांना ती कीवर्ड म्हणायची. प्रत्येक कीवर्डला दहापैकी गुण असतात. गुण चांगले असले की जाहिरात वर दिसते, घसरले की खाली जाते आणि मग दिसेनाशीच होते. आमच्या या कीवर्डला सात होते.

जाहिरात तिनेच लिहिली होती. 'मशीन धागा तोडतंय? फेकू नका. आमचा कारागीर हट्टी आहे.'

"हट्टी कुणाला म्हणतेस?" मी विचारलं होतं.

"अहो, आता छापून झालं. जे घरात माहीत होतं ते गावाला कळलं, एवढंच."

ती गेल्यावर मी रोज दुकान उघडलं की तेच शब्द शोधायचो. जाहिरात यायची. वाचायचो. तिच्यावर बोट मात्र ठेवायचो नाही. आपणच आपली जाहिरात दाबायची नसते, फुकटचा खर्च होतो, असं तिने बजावलं होतं. मग जेवणाआधी एकदा बघायचो, जेवणानंतर एकदा. पुढे पुढे दिवसात वीस-पंचवीस वेळा व्हायला लागलं.

दोन महिन्यांनी जाहिरात दिसेना. मी मेहुणीला फोन केला. ती एका कंपनीत हेच काम करते. बायकोला तिनेच शिकवलं होतं. रविवारी ती आली आणि बायकोचा लॅपटॉप उघडून बसली.

"भावजी, सातचे तीन झालेत."

"कुणी केले?"

"जाहिरात किती वेळा दिसली आणि त्यातल्या किती जणांनी दाबली, हे तिथे मोजतात. आपला कीवर्ड छोटा, शोधणारे थोडे. आणि इथे कुणीतरी दिवसभर नुसतं बघतंय, दाबत एकदाही नाही." तिने मान वर केली. "तुम्ही ना?"

मी स्क्रूड्रायव्हर पुसत राहिलो.

"ताईने तुम्हाला दुकानाबाहेर उभं केलं असतं."

"तिचं वाक्य आहे ते," मी म्हणालो.

ती डोळे पुसून म्हणाली, "नवं लिहून देऊ? हे असंच राहिलं तर थोड्या दिवसांत कुणालाच दिसणार नाही."

"ते काढायचं नाही."

"हट्टी लिहिलंय ते काही खोटं नाही हं. मग दोन कामं करा. बघणं आजपासून बंद. आणि पान लिहा."

जाहिरात दाबली की आमच्या वेबसाइटचं पहिलं पान उघडायचं. त्यावर दुकानाचा फोटो आणि 'सर्व प्रकारची मशीन दुरुस्त होतील' एवढंच होतं. धागा तुटतो म्हणून आलेल्या माणसाला धाग्याबद्दल एक अक्षर दिसत नव्हतं. गुण त्यावरही ठरतात. बायकोने धाग्यासाठी वेगळं पान सुरू करून ठेवलं होतं, ते मेहुणीने उघडून दाखवलं. वर मथळा होता, 'धागा का तुटतो'. खाली लिहिलं होतं, 'इथे यांनी लिहायचं.'

वर्षभर ती माझ्या मागे लागली होती. मी म्हणायचो, सगळं फुकट सांगितल्यावर दुकानात कोण येईल? ती म्हणायची, ज्यांचा धागा तरीही तुटेल ते येतील. मी म्हणायचो, उद्या लिहितो.

त्या रविवारपासून मी शोधणं थांबवलं. पहिले काही दिवस हात आपोआप फोनकडे जायचा. मग फोन कपाटात ठेवला आणि लिहायला बसलो. सुई उलटी बसली असेल तर धागा तुटतो. ताणाचा स्क्रू जास्त आवळला असेल तर तुटतो. धागा जुना असेल, ओवताना एखादा हूक राहिला असेल, तरी तुटतो. गिऱ्हाइकाला सांगतो तसंच लिहिलं. मेहुणीने फक्त माझं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि जाहिरात त्या पानाला जोडून दिली.

दीड महिन्यात गुण पाच झाले. वाक्य आहे तिथेच आहे. परवा एक शिंपी आले आणि विचारू लागले, "हट्टी कारागीर कुठे बसतात?"

धागा तुटण्याचं शेवटचं कारण म्हणजे बॉबिनकेस ज्यात बसते त्या शटलवरचा चरा. तो इतका बारीक असतो की डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवून शोधावा लागतो. माझी बोटं कामाने जाड झाली आहेत, मला तो कळत नाही. मी शटल काढून बायकोच्या हातात द्यायचो, ती डोळे मिटून बोट फिरवायची आणि म्हणायची, "हा बघा, इथे." तिला तो कसा कळायचा हे मी कधी विचारलं नाही. पानावरचा तेवढा भाग अजून लिहायचा राहिला आहे.