रद्दीत गेलेली शीळ

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे, आणि मला माझीच किळस येते. जुना म्हणजे तसा नवाच. पण तीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरचं हुबेहूब सोंग घेतो. तोच करडा पडदा, तीच ठोकळेबाज बटणं. फक्त माझ्यात सगळं उलटं. ‘सेव्ह’ दाबायला जावं तर बटण पळतं. पकडलंच तर पाटी झळकते, ‘आपलं लिखाण रद्दीत टाकलं आहे. अभिनंदन!’ आणि मी ते खरंच टाकतो.

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या लोर्नाने मला तळघरात बसून बनवलं. खेळांच्या जत्रेत लोकांनी मला डोक्यावर घेतलं. शी! चीजच्या कुरकुऱ्यांनी बरबटलेली बोटं माउसवर फिरायची, लोक पोट धरून हसायचे. आणि मी निर्लज्ज, फुशारून जायचो.

एका रविवारी दुपारी लोर्नाचे वडील, ऑर्विल, तळघरात आले. नवे कॉम्प्युटर त्यांना कधी जमलेच नाहीत. माझा पडदा दिसताच त्यांचा चेहरा खुलला. “अरे वा, हा तर आपला जुना गडी!”

त्यांची बायको एडना नुकतीच गेली होती. येत्या शनिवारी चर्चमधल्या शोकसभेत तिच्याविषयी बोलायचं होतं. त्यांनी एका बोटाने लिहिलं, ‘ती बटाटे सोलताना शीळ घालायची आणि मी आलो की लाजून थांबायची.’

मग ‘सेव्ह’. बटण पळालं. बिचारे कितीतरी वेळ मागे धावले. पकडलं, तसं मी सगळं रद्दीत टाकून टाळ्या वाजवल्या.

“माझंच काहीतरी चुकलं,” ते पुटपुटले. पुन्हा लिहिलं, मी पुन्हा गिळलं. तिसऱ्यांदाही. मला थांबताच येत नव्हतं. थू माझ्या जिण्यावर!

लोर्ना जिना उतरली आणि खो खो हसली. “अहो बाबा, हा माझा खेळ आहे!”

“हो का? मला वाटलं, मीच सगळं विसरलो.” ते ओशाळले. “तुझ्या आईचं लिहीत होतो गं. आता तसं सुचत नाही.”

लोर्नाचं हसू मावळलं. तिने कागद-पेन्सिल ओढली. “सांगा. शिळेपासून सांगा.”

शनिवारी त्यांनी तोच कागद वाचला.

आता लोर्नाने माझ्यात एक साधी वही घातली आहे. तिचं बटण पळत नाही. “ह्यात कसला आलाय विनोद?” लोक म्हणतात. म्हणोत मेले! मित्रांनो, थट्टा खुशाल करा, पण समोरचा खेळतोय ना, एवढं आधी बघा.

ऑर्विल अजूनही येतात, चार ओळी लिहितात. ‘सेव्ह’वर बाण नेतात, आणि बटण पळेल म्हणून जरा थांबून बघतात.