मानांग फेलीच्या पिशवीतला पट्टा

“मानांग, हा काळा पट्टा वेड्यांना बांधायला असतो ना?”

मित्रांनो, हा प्रश्न लोरलीने विचारला खरा, पण विचारायला लावला होता तिच्या मैत्रिणींनी. त्या तिघी चिंचेच्या झाडामागे तोंड दाबून हसत होत्या. “तुझा भाऊ तुरुंगातून सुटतोय. त्याला बांधायला नर्सबाईने पट्टा आणलाय. विचारून दाखव, नाहीतर तू भित्री!” असे त्यांनी तिला डिवचले होते. लोरली पंधरा वर्षांची, शाळेत सगळ्यांत मोठ्या आवाजाची. ती कसली ऐकते!

त्याच्या सुटकेआधी घरच्यांना भेटायला आलेली मानांग फेली रागावली नाही. मानांग म्हणजे थोरली ताई. आमच्या बेटावर नर्सबाईलाही तसेच म्हणतात. तिने मला पिशवीतून काढले आणि म्हणाली, “हात दे इकडे.” मला लोरलीच्या दंडाभोवती गुंडाळले. “बांधलं बघ. आता सुटून दाखव.”

लोरलीने नुसते एका बोटाने ओढले आणि मी चर्रर्र करत सुटलो.

“एवढंच?”

“एवढंच. ह्यानं शेळीसुद्धा बांधलेली राहायची नाही.”

झाडामागचे हसू थांबले. मैत्रिणी कंटाळून निघून गेल्या. लोरली मात्र गेली नाही. इकडे तिकडे बघत तिने आवाज खाली आणला आणि आता तिचा स्वतःचा प्रश्न विचारला, “मग नोंगला आवरणार कसं?” नोंग म्हणजे थोरला भाऊ, तिचा रोदेल. आणि पोरीला मायेने म्हणतात इंदाय.

“त्याला आवरायचं नाही गं, इंदाय. त्याला सोबत करायची.”

तर मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा. वरून जाड कापड, आत रबरी फुगा, दोन नळ्या, एक हातात दाबायचा गोळा आणि काटा असलेली तबकडी, एवढाच माझा संसार. दूरच्या कुठल्या तरी कारखान्यात एका बाईने मला शिवले. तिचा चेहरा मी पाहिला नाही, कारण ती मान खाली घालूनच शिवत होती. पण टाके असे पक्के घातले की आजवर एकही उसवलेला नाही. तिला कुठे माहीत असणार की मी तुरुंगात जाणार आहे!

हो, तुरुंगात. खाडीपलीकडच्या शहरातला तुरुंग. तिथे माणसे इतकी दाटलेली की पाळीपाळीने झोपायची. मानांग फेली तेव्हा तिथल्या दवाखान्यात होती. तिच्या टेबलापुढे दिवसभर हात यायचे. गोंदलेले हात, खरजेचे हात, काडीसारखे हात. मी प्रत्येकाला सारखाच कवटाळत असे. डॉक्टर म्हणायचे, “जुना आहे, पण खोटं बोलत नाही.” हे ऐकले की माझ्या फुग्यात जरा जास्तच हवा भरायची, बरं का!

एक दिवस रोदेलला आणले. त्याच्या मनाला आजार झाला होता. गावातल्या चॅपेलवरचा भोंगा आपल्याला नाव घेऊन शिव्या देतो, असे त्याला ऐकू येई. एका सकाळी तो वर चढला आणि त्याने भोंगा उपटून फेकला. राखणदार लोलो सिमो, म्हणजे सिमो आजोबा, त्याला खाली ओढायला गेला, पडला, आणि त्याचा हात मोडला. रोदेलला पोलिसांनी धरून नेले. आजारी माणूस म्हणून नव्हे, गुन्हेगार म्हणून.

मला पाहताच तो भिंतीला चिकटला. त्याच्या मनगटांवर बेड्यांचे वळ होते. त्याला वाटले, ही आणखी एक बेडी.

मानांग फेलीने काय करावे? तिने माझा रबरी गोळा त्याच्याच मुठीत दिला. “तूच दाब. नको वाटलं की ही चकती फिरव, हवा निघून जाईल. कुणाला विचारायचं नाही.”

रोदेलने दाबले. फुस्स फुस्स. चकती फिरवली, हवा सोडली. पुन्हा दाबले, पुन्हा सोडली. मानांगने घाई केली नाही. त्या अख्ख्या तुरुंगात त्याला स्वतःच्या हाताने सोडवता येईल अशी ती एकच गोष्ट होती.

मग माझे दिवस फिरले. नवीन यंत्र आले. पांढरेशुभ्र, बॅटरीवर चालणारे, टूं टूं बोलणारे. मला गंजलेल्या कात्रीशेजारी खणात टाकले. किती काळ गेला कोण जाणे. अंधारात पडल्या पडल्या माझे रबर कडक होऊ लागले. आणि एक दिवस खण उघडला! रोदेल नव्या यंत्रापासून पळत होता. “ते माझं नाव घेतंय,” म्हणत होता. म्हणून मानांग मला शोधत आली होती. मला केवढा आनंद झाला! पण मित्रांनो, कुणाच्या तरी भीतीमुळे आपल्याला मान मिळावा, तर तो आनंद घशाखाली नीट उतरत नाही.

पुढे मानांगचे काम बदलले. मनाने आजारी असलेली माणसे तुरुंगातून सुटायची, हातात कपड्यांची पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभी राहायची, आणि औषध कुठे मिळेल हे कुणी सांगायचे नाही. थोड्याच महिन्यांत तीच माणसे आणखी बिघडून आत यायची. म्हणून तुरुंगाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत त्यांच्याबरोबर जायचे, आणि त्यानंतरही जात राहायचे, हे मानांगचे नवे काम. नवीन यंत्र तुरुंगातच राहिले. मी तिच्या पिशवीत बसलो.

रोदेलचा खटला संपला. मानांगने फाटकावर त्याला सुई टोचली. ती महिनाभर पुरते. सोबत गोळ्याही दिल्या. जीपगाडी, मग मोटरहोडी, मग भर उन्हात चालत आम्ही त्याच्या घरी पोचलो. दारात त्याची आई, नानाय सेलिंग, विहिरीच्या थंडगार पाण्याची बादली घेऊन उभी होती. तुरुंग अंगावरून धुऊन काढल्याशिवाय आत घ्यायचे नाही, असे तिने ठरवले होते. घामाने डबडबलेल्या लेकाच्या डोक्यावर तिने बादली उपडी केली आणि त्याला मिठी मारून दोघेही भिजले. घरात तुरीचे ओले दाणे, फणस आणि डुकराचे मांस रटरटत होते. रोदेल तीनदा वाढून घेऊन जेवला. लोरली त्याच्यासमोर बसून शाळेच्या गोष्टी इतक्या भराभर सांगत होती की ताताय बेर्तिंग, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, “अगं, श्वास घे! त्याला घास तरी गिळू दे!”

सगळे छान चालले होते. पण पुढच्या वेळी आम्ही गेलो, तर नानाय दारातच आडवी उभी.

“रोदेल घरी नाही.”

कुडाच्या भिंतीमागून खोकला ऐकू आला. मी ऐकला, मानांगनेही ऐकला. लोरली अंगणात कपडे वाळत घालत होती. ती जमिनीकडे बघत राहिली.

मानांगने वाद घातला नाही. शेजारून एक बाक मागून घेतला, अंगणाच्या कडेला मांडला आणि मोठ्याने म्हणाली, “चला, बीपी कुणाकुणाचं बघायचंय? आज फुकट!”

ही तिची जुनी युक्ती. आमच्या बेटावर फुकट बीपी म्हटले की चूल पेटती सोडून माणसे येतात. सगळी गल्ली रांगेत बसली की कोणाचे नेमके काय बघायला नर्स आली, हे कुणाला कळत नाही.

“माझं बीपी ना मानांग, नवऱ्याचं नाव काढलं की वाढतं.”

“मग दोन मिनिटं काढू नकोस. काल सुकी मासळी किती खाल्लीस?”

“एक.”

“एक मासा की एक टोपली?”

सगळे खो खो हसले. तेवढ्यात लोलो सिमो आला आणि हसू विरले. त्याचा तो मोडून जोडलेला हात जरा वाकडाच राहिला आहे. तो बाकावर बसला. मी त्याच्या दंडाभोवती बसलो, मानांग गोळा दाबू लागली. फुस्स फुस्स.

आणि कुडाचे दार उघडले. रोदेलने माझा आवाज ओळखला होता!

पण मित्रांनो, तो माझा रोदेल दिसत नव्हता. केस चिकट झालेले, अंगाला वास येत होता. हात तर असे थरथरत होते की कोपरापर्यंत सगळे हलत होते. बाया उठून मागे सरल्या. “बघा, सुरू झालं परत,” कुणीतरी पुटपुटले. बाकावर लोलो सिमो एकटा उरला.

“हा हात अजून दुखतो,” तो म्हणाला. “ताटातला घास उचलतानासुद्धा.”

“माझ्यामुळं,” रोदेल म्हणाला.

“तुझ्यामुळंच.” लोलो सिमो थोडा बाजूला सरकला. “बस. उभा राहून पडशील.”

रोदेल बसला. मानांगने मला त्याच्या दंडाला गुंडाळले आणि माझा गोळा त्याच्या मुठीत दिला, पण बोटे ऐकेनात. गोळा खाली पडला. लोरलीने हातातले कपडे टाकले, धावत आली, गोळा उचलला आणि त्याच्या मुठीभोवती आपली मूठ धरली. दोघांनी मिळून दाबले.

“नानाय, थरथर कधीपासून?” मानांगने विचारले.

नानाय दारातच बसली. “माझंच चुकलं! दमून, तापून आलेल्या पोरावर मी थंड पाणी ओतलं. पास्मा धरला त्याला. तापलेल्या अंगात गारवा शिरला की हात असेच कापतात, लहान पोरालाही ठाऊक आहे. मीच विसरले. मी, त्याची आई!”

तेव्हापासून तिने रोदेलला पाण्याला शिवू दिले नव्हते. अंघोळ नाही, हात धुणे नाही. रोज खोबरेल चोळणे आणि कोमट मिठाच्या पाण्याचा शेक. गोळ्याही थंड, सुईही थंड, म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या, आणि सुईसाठी आलेल्या मानांगला दारातून परत पाठवायचे ठरवले होते.

मानांग तिच्याशेजारी जमिनीवर बसली. “नानाय, हे पाण्यानं झालं नाही. सुईच्या औषधानं हात कापतात. तुरुंगातही कापायचे. म्हणून तर मी ती बारकी पांढरी गोळी दिली होती, हात थांबवायला. ती बंद झाली, म्हणून थरथर वाढली.”

“म्हणजे पाणी...”

“पाण्यानं नाही. तुम्ही नाही केलं हे. शेक देत राहा, त्याला बरं वाटतं. पण गोळी द्या आणि पोराला अंघोळ घाला.”

“मी नाही केलं?” नानायने पुन्हा विचारले. मग पदरात तोंड लपवावे तसे दोन्ही हातांत तोंड लपवले आणि मोठमोठ्याने रडली. रोदेल उठला आणि आपल्या थरथरत्या हाताने तिच्या पाठीवर थोपटू लागला.

मी पुष्कळ हात पाहिले आहेत. माझे रबर आता भेगाळले आहे, तबकडीची काच धुरकट झाली आहे. एक दिवस मी पुन्हा खणात जाईन, त्याचे मला वाईट वाटणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या गल्लीत असे कुणी परत आले, तर त्याला बघून मागे सरू नका. बाकावर थोडी जागा करा. त्याच्या औषधाची वेळ चुकू देऊ नका. माझ्यासारखी निर्जीव वस्तू एका दंडाला क्षणभर धरू शकते. बाकीचे सगळे तुम्हालाच करायचे आहे.

कारण गोष्ट एवढ्यावर संपली नव्हती. लोक पांगल्यावर ताताय बेर्तिंग मागच्या अंगणातून आला. त्याच्या खांद्यावर तांदळाचे पोते आणि रोदेलची चटई होती.

“मानांग, तुझे उपकार आहेत,” तो म्हणाला. “पण मी ठरवलंय. उद्या ह्याला डोंगरावर माझ्या भावाकडे पोचवतो. तिथं कोळसा पाडायचं काम आहे. माणसं नाहीत, म्हणून बोलणारंही कुणी नाही. इथं रोज कुणाकुणाची तोंडं धरू?”

“तिथं रस्ता नाही, ताताय. मी पोचू शकणार नाही. इथं मी आले नाही तरी गावच्या आरोग्य केंद्रात सुई मिळते. सुई आज दिली तरी पुढच्या महिन्याची चुकणार. मग आवाज परत येतील. मग पोलीस.”

“त्या केंद्रात चॅपेलसमोरून ह्याला घेऊन दर वेळी कोण जाणार? तू? तू तर संध्याकाळच्या होडीनं परत जाशील.”

नानाय नवऱ्याकडे बघत होती. रोदेल मान खाली घालून बसला होता, जणू त्याची चटई त्याच्या आधीच निघून गेली होती.

मग लोरली उठली. मैत्रिणींसमोर तो प्रश्न विचारताना होता तसा मोठा, खणखणीत आवाज. फक्त आता तिला कुणी डिवचले नव्हते. तिने वडिलांच्या खांद्यावरची चटई ओढून घेतली.

“ताताय, नानाय, ऐका. नोंग डोंगरावर जाणार नाही. तो इथंच आपल्या घरात झोपेल, माझ्या खिडकीपाशी. सकाळची गोळी मी देणार. आणि दर महिन्याला सुईसाठी मी त्याला आरोग्य केंद्रात नेणार. मागच्या शेतातून लपत नाही. चॅपेलसमोरून, मोठ्या रस्त्यानं, शाळेचा गणवेश घालून. आणि कुणी विचारलं ना, कुठं निघालात, तर मी सांगणार, माझ्या भावाला औषधाला घेऊन चाललेय.”