वॉल्टरचा मग

"थेल्मा, तो जुना मग काढ ना गं तिथून. आज फोटो काढणार आहेत."

निआम म्हणाली. निआम म्हणजे आमच्या कॉलेजच्या बारची यंदाची अध्यक्ष. दर वर्षी पोरं आपापसांतूनच एकाला निवडतात. पोरगी गुणी आहे, पण आज सकाळपासून तिच्या अंगात आलं होतं. नवी टेबलं, नवे दिवे, आणि भिंतीवर निळ्या पडद्याआड पितळेची पाटी. पाटीवर काय कोरलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. 'लँगडेल बार'. ज्याचे पैसे, त्याचं नाव.

"तो मग इथेच राहणार," मी म्हटलं. "फोटोत आला तर फोटोचं भाग्य."

"अगं पण किती काळा पडलाय!"

"मग मी घासते. तू तुझे फुगे बांध जा."

मी तो घासायला घेतला. कथलाचा जाड मग आहे, आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. माझ्या नवऱ्याचा, वॉल्टरचा. तो हा बार सांभाळायचा तेव्हा मी इथेच फरशी पुसायचे. दिवसभर हा मग त्याच्या हाताशी असायचा आणि त्यात असायचं लिंबू घातलेलं बार्लीचं पाणी. वॉल्टरनं जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. आमच्या खाणकामगारांच्या गावात चॅपलमध्ये पोरवयातच दारू न पिण्याची शपथ घेतात, तशी त्यानंही घेतली होती. पुढे खाण बंद पडली, दुसरं काम मिळेना, म्हणून तो इथे आला. चॅपलमधल्या बायकांनी नाकं मुरडली. पण ओततो, पीत नाही, म्हणून त्यांनी चालवून घेतलं. रविवारी तो पहिल्या बाकावर बसायचा.

आणि मग कॉलेजात हा पिअर्स लँगडेल शिकायला आला.

आमच्याकडे पेनीचा खेळ चालतो. तुमच्या भरल्या ग्लासात कुणी पेनी टाकली, की नाण्यावरची राणी बुडायला लागली. तिला वाचवायचं तर ग्लास एका दमात रिकामा करायचा. मात्र ग्लासात आधीच एक पेनी पडलेली असेल, तर दुसरी टाकणारा गाढव. तो ग्लास मग त्यालाच संपवावा लागतो. पिअर्स बोट क्लबचा कप्तान होता आणि या खेळाचा त्याला नाद होता. भरला ग्लास दिसला की त्याचा हात खिशात गेलाच म्हणून समजा.

त्या दुपारी आमची होडी शर्यत जिंकली होती. ओवेन म्हणून एक नवीन पोरगा होता, लाजाळू, नाही म्हणता न येणारा. पिअर्सनं त्याच्या ग्लासात पेनीवर पेनी टाकायचा सपाटा लावला. शेवटी वॉल्टरनं बिअरचा नळ बंद केला. "या पोराला आता नुसतं पाणी," तो म्हणाला. पिअर्स हसला आणि स्वतःच्या खोलीतून बाटली घेऊन आला. बाकीचे अंगणात गात होते. जाता जाता त्यानं वॉल्टरच्या मगातही पेनी टाकली. पण कुणीतरी आगाऊपणानं आधीच एक टाकून ठेवली होती.

"नियम म्हणजे नियम, साहेब," वॉल्टर हसून म्हणाला आणि मग त्याच्यापुढे सरकवला.

पिअर्स प्यायला आणि त्यानं तोंड वाकडं केलं. "शी! बार्लीचं पाणी! हे काय आजाऱ्याचं पेय!"

मी तिथेच टेबल पुसत होते. माझ्या या कानांनी ऐकलं.

थोड्या वेळानं ओवेन नदीकाठच्या पायऱ्यांवरून पडला. डोकं फुटलं. जगला बिचारा, पण कॉलेजात परत आला नाही. चौकशी बसली तेव्हा पिअर्सनं सांगितलं, "बारवालाच प्यायलेला होता. दुपारभर त्या मगातून ढोसत होता. पोराला तोच पाजत राहिला." इतर पोरांनी माना डोलावल्या, कारण मग तर सगळ्यांनीच पाहिला होता. वॉल्टर म्हणाला, मी थेंब घेत नाही. तर चौकशीचे अध्यक्ष म्हणाले, सगळे असंच म्हणतात. मी दाराशी उभी राहून ओरडले, पण फरशी पुसणारी बाई, त्यात बायको! मला कोण विचारतंय?

नोकरी गेली त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्या रविवारी वॉल्टर चॅपलमध्ये गेला आणि मागच्या, अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसला. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पुढे बोलावलंही नाही. मरेपर्यंत तिथेच बसला. डोळे मिटण्याआधी मला म्हणाला, "थेल्मा, तुला तरी खरं माहीत आहे." मला एकटीला माहीत असून काय उपयोग होता? चुलीत गेलं ते माहीत असणं!

लोक विचारायचे, थेल्मा, ज्यांनी नवऱ्याला हाकललं त्यांच्याकडे कशाला राबतेस? मी म्हणायचे, पोटासाठी. खोटं. मी वाट बघत होते. बोट क्लबचे कप्तान आज ना उद्या परत येतातच. जेवायला येतात, मिरवायला येतात, आपलं नाव कुठेतरी चिकटवायला येतात. फरशीवरून मी काउंटरमागे गेले, केस पिकले, पण राग काही पिकला नाही. जसा होता तसा कच्चा राहिला.

संध्याकाळी पाहुणे जमले. प्राचार्या डॉ. क्रॉल पुढे होत्या. त्या वेळी चौकशीच्या मंडळात सगळ्यांत तरुण त्याच होत्या. मी बार्लीचं पाणी उकळून, गाळून, गार करून ठेवलं होतं. वॉल्टरचा मग भरला. राणीच्या डोक्याची जुनी पेनी हळूच आत सोडली. आणि पिअर्स, आता सर पिअर्स म्हणायचं त्याला, जिथे उभा राहणार होता बरोब्बर तिथे, माझ्या हाताशी ठेवून दिला.

तो आला. पोट सुटलेलं, कोट मात्र अंगाबरोबर शिवलेला.

"अरे, थेल्मा! तू अजून इथेच? वाळवीसारखी चिकटून बसलीस की!"

"तुमचीच वाट बघत होते, सर."

तो खूश झाला. "नवरा काय म्हणतो तुझा? काय बरं त्याचं नाव..."

"वॉल्टर. गेला तो."

"अरेरे," तो म्हणाला. नावसुद्धा विसरला होता, मेला! आणि अरेरे म्हणता म्हणताच त्याची नजर मगावर गेली आणि हात खिशात. टुबुक.

"राणी बुडतेय, थेल्मा! एका दमात!"

पोरांनी टेबलं बडवली. मी मग उचलला, पण तोंडाला लावला नाही. कानाशी धरून हलवला. आत खणखण झालं.

"दोन नाणी वाजतायत, सर."

"गाढव! गाढव!" पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. निआम तर खुर्चीवर चढून ओरडत होती. पिअर्सही हसत होता, मोठ्या मनाच्या माणसासारखा. त्यानं मग घेतला आणि प्यायला. सगळा प्यायला. मी त्याच्या घशाकडे बघत होते.

"शी!" त्यानं तोंड पुसलं. "अजूनही तेच बार्लीचं पाणी!"

आणि थांबला.

"अजूनही?" मी म्हटलं. "म्हणजे आधी कधीतरी प्यायला होतात. याच मगातून."

"थेल्मा, अगं, गंमत..."

"चौकशीत तुम्ही म्हणाला होतात की यात दारू होती. माझा नवरा ढोसत होता. डॉ. क्रॉल, तुम्ही होता ना तिथे? आठवतंय?"

डॉ. क्रॉलनी हातातला ग्लास खाली ठेवला. "आठवतंय," त्या म्हणाल्या. "पिअर्स, तुला तेव्हा माहीत होतं?"

"आम्ही पोरं होतो हो! त्या पडलेल्या मुलाचं माझ्यावर आलं असतं, माझं सगळं करिअर..."

"वॉल्टर पोर नव्हता," मी म्हटलं. "आता म्हणा. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"काय म्हणू?"

"खरं."

निआम खुर्चीवरून खाली उतरली.

"तो प्यायलेला नव्हता," पिअर्स पुटपुटला.

"तो कोण? नाव घ्या. आताच सांगितलंय मी."

"वॉल्टर... वॉल्टर प्यायलेला नव्हता."

"आणि ओवेनला पाजत कोण होतं?"

त्याच्या मानेपर्यंत लाली चढली. "मी."

लोक म्हणतात, सूड उगवून काही समाधान मिळत नाही. मिळतं! खूप मिळतं. त्याची ती लाल मान मी अजून रोज आठवते आणि मला छान झोप लागते. तो निरोप घ्यायलाही न थांबता दाराकडे गेला. पोरांनी वाट करून दिली, पण कुणी हात पुढे केला नाही. निआमनं पडद्याची दोरी हातात धरली होती. तिनं डॉ. क्रॉलकडे पाहिलं.

"राहू दे," डॉ. क्रॉल म्हणाल्या. "तो पडदा उघडायचा नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "थेल्मा, मला माफ..."

"मला नको म्हणू," मी म्हटलं. प्राचार्यांना मी पहिल्यांदाच एकेरी बोलले. "मला कुणी दारुडी म्हटलं नव्हतं."

ही बातमी रविवारच्या आत गावात पोचली. खाण गेली तरी आमच्या गावचे कान शाबूत आहेत. चॅपलच्या दारात म्हाताऱ्या एल्सीनं माझा हात धरला. तिनंही कधी वॉल्टरला पुढे बोलावलं नव्हतं. मी शेवटच्या बाकाशी थांबले नाही. सरळ पुढे गेले, पहिल्या बाकावर बसले, पिशवीतून घासलेला मग काढला आणि शेजारी, वॉल्टरच्या जागेवर ठेवला.

उशिरा आलेला एकजण जागा शोधत पुढपर्यंत आला. त्यानं मगाकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि मागे जाऊन उभा राहिला.