आंब्यावरून फळ्यांखाली

मी महिपती साऊंड सर्व्हिसचा पंधरा इंची स्पीकर बोलतोय. फाटलोय, पण खर्ज सोडलेला नाही!

माझा खोका महाडचा. मुंबईच्या स्टुडिओत चार वर्षं केबली ओढून परतलेल्या महिपतीने तो स्वतः ठोकला, मला आत बसवलं आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं जोडलं. त्यातून फक्त जड आवाज माझ्याकडे यायचा. शब्द, झांजा वगैरे कर्ण्यांकडे. ज्याचं काम त्याने करावं, हे माणसांना कधी जमलंय!

यंदा, अठ्ठ्याऐंशी साली, पोलादपूरजवळ जाखडी नाचाचा सामना ठरला आणि महिपतीने मला चक्क आंब्यावर चढवलं. स्पीकर उंच बांधायचा, ही आमच्याकडची रीत. माझ्यावर रंगवलेलं त्याचं नाव कशेडी घाटातल्या ट्रकवाल्यांनाही दिसलं असतं, पण माझा घुमारा वाऱ्यावर गेला.

खाली मंचाच्या फळ्यांवर तालीम चालली होती. रिंगणात सर्वांत पुढे भागोजी. कारखान्यात यंत्राशेजारी राबून त्याचे कान गेलेले. ढोलकी थांबली तरी त्याचा पाय पडला. आज पुढे दुसरा कुणी नाचेल, असं नाच बसवणाऱ्या महादूबुवांनी हळूच खुणावलं. भागोजी घुंगरू सोडायला बसला. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात त्याची बायको चंद्राबाई महिपतीकडे आली.

"भावजी, त्यांना कानानं कळत नाय, पायानं कळतं. मी जातं फिरवलं की भुईवर पाय ठेवून सांगतात, दळतेस काय गो. तो खोका फळ्यांखाली घाला."

महिपतीचं तोंड उतरलं. खाली त्याचं नाव कोण वाचणार? पण त्याने मला उतरवलं, मंचाच्या फळ्यांखाली उताणं ठेवलं आणि ढोलकीजवळ माइक लावला.

थाप पडली. मी जीव तोडून घुमलो! वरची फळी थरथरली. तिच्यावर एक अनवाणी पाऊल थबकलं. पुढच्या थापेला ते नेमकं पडलं, त्याच्या पुढच्याही. मग रिंगण असं सुटलं म्हणता! शिट्ट्या, घुंगरं, आणि सगळी धूळ माझ्या तोंडात. सामना कोणी जिंकला ते मला फळ्यांखाली कळलं नाही. भागोजी शेवटपर्यंत पुढे होता, एवढं मात्र कळलं.

त्या रात्री मी फाटलो, म्हणजे आवाज काढणारा माझा कागद टरकला. महिपती नवा कागद शिमग्याआधी बसवणार म्हणतो. लवकर बसव रे बाबा, आणि पुन्हा झाडावर नको!

परवा भागोजी दुकानात आला. मला हात लावून नमस्कार केला, मग चप्पल काढून खोक्यावर पाऊल ठेवलं. महिपतीने ढोलकीची टेप लावली. फाटक्या कागदाने मी जमेल तेवढा घुमलो.

भागोजी डोळे मिटून म्हणाला, "हाय. अजून हाय."