आजारी माळावरचा विळा

मी एक जुना विळा आहे. माझे पाते झिजून निम्मे झाले आहे आणि मूठ तीनदा बदलली आहे. पण मित्रांनो, माझी कुणाविषयी तक्रार नाही.

लोहाराने मला घडवले आणि गवत विकून घर चालवणाऱ्या एका मावशींच्या हाती दिले. गावाबाहेरच्या माळावर कमरेएवढे गवत असे. त्यात लावा पक्ष्याचे घरटे दिसले, की मावशी तेवढा तुकडा सोडून पुढे सरकत.

मग वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना आला. त्याचे सांडपाणी उतारावरून माळावर पसरले. दोन वर्षांत गवत जळाले. मावशींच्या दोन शेळ्या दगावल्या. त्यांनी मला छपराच्या वाशात खोचून ठेवले आणि मला गंज चढला.

गावाने हेलपाटे घालून ते पाणी बंद करवले, त्यालाही सात वर्षे गेली. नंतर माती तपासणाऱ्या बाई आल्या. नांगराने विष आणखी खोल जाईल, म्हणून नांगर घालू नका, असे त्यांनी बजावले. माळाच्या पलीकडच्या कडेला जुने गवत अजून तग धरून होते. त्याचेच बी पेरायचे ठरले. मावशींनी मला दगडावर घासले आणि ते बी मीच कापून दिले.

दुसऱ्या वर्षी गवत गुडघ्याला लागले. गावात दुसरा चारा कुठेच मिळत नव्हता. मावशींची म्हैस दावे ताणून माळाकडे बघत असे. थोरल्या जाऊबाईंना राहवले नाही. "समोर एवढं गवत असताना मुकं जनावर उपाशी ठेवतेस?"

मावशी खाली बघून म्हणाल्या, "मातीतलं विष त्या गवतात उतरलंय, जाऊबाई. ते हिला घातलं, तर माळ बरा होईल आणि म्हैस जाईल."

त्यांनी म्हैस परगावी भावाकडे पाठवली. ती वळणाआड गेल्यावर पदराने डोळे पुसले आणि मला उचलले. तीन वर्षे आम्ही ते हिरवेगार गवत कापून दूरच्या बंदिस्त खड्ड्यात टाकत राहिलो.

त्याच्या पुढच्या वर्षी बाईंनी माती आणि गवत दोन्ही तपासले आणि हसून मान डोलावली. म्हैस परत आली. मावशींनी पहिला भारा तिच्यापुढे टाकला आणि तो संपेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माती नासायला दोन वर्षे पुरतात, सावरायला मात्र कितीतरी जास्त लागतात. म्हणून घाण पाणी सोडण्याआधी उतार कुणीकडे आहे ते बघा. आणि कुणी आजारी जमिनीची सेवा करताना दिसले, तर त्याला घाई लावू नका, हात द्या. असा धीर असलेल्या हातात माझे आयुष्य गेले, याहून मोठे भाग्य लोखंडाला कुठले मिळणार?