रितं माप

पाथर्डीच्या पूर्वेकडच्या त्या गावात पर्जन्यमापक बसला, अन् तो वाचायचं काम चांगुणाकडं आलं. तालुक्याच्या साहेबांनी नीट शिकवलं: नरसाळ्यातून आत साठलेलं पाणी सकाळी काचेच्या मापात ओतायचं, डोळा पाण्याच्या बरोबरीला आणायचा, कडेला चढलेलं पाणी सोडून मधला खोलगट तळ वाचायचा. आणि हो, आपल्याला वाटतं ते कळवायचं नाही, माप म्हणतं ते कळवायचं. चांगुणानं हे पदराला गाठ मारून ठेवलं. टँकर मिळणार की नाही ते या मापावर ठरणार होतं, आणि दावणीची गाय टँकरवरच जगणार होती.

श्रावण कोरडा गेला. ती रोज मोबाईलवर शून्य धाडायची आणि तोंड पाडून घरात यायची. मग एके सकाळी मापात पाणी निघालं. दुसऱ्या दिवशीही निघालं. अंगण तर कोरडं ठणठणीत! तिनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, पावसाचं काय सांगावं, बैलाचं एक शिंग भिजतं, एक कोरडं राहतं. तुम्ही माप वाचा. तिनं महिनाभर इमानेइतबारे वाचलं.

टँकर नामंजूर झाला. तुमच्या गावात पाऊस आहे, असं उत्तर आलं. चांगुणाच्या पायाखालची जमीनच सरकली. दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आत दारात बसून राहिली, तर सासू आक्काबाई वाटी घेऊन आली आणि नरसाळ्यात पाणी ओतू लागली.

"आत्या, हे काय करताय?"

"अगं, रितं भांडं आभाळाला दावू न्हाई. घोटभर असलं की भर पडती. माज्या प्यायच्यातलंच घालते, गाईच्यातलं न्हाई."

शेजारणीची ताटलीसुद्धा कधी रिती न धाडणारी बाई ती, तिला काय बोलणार? चांगुणाला राग यायला हवा होता, पण तिनं नुसती वाटी हातातून काढून घेतली. तिनं साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, गेलेले आकडे आता फिरवता येत नाहीत, पुढचा महिना खरं माप पाठवा, मग बघू. पुढचा महिना! विहिरीत तर गाळ उरला होता.

घोडेगावच्या गुरांच्या बाजारादिवशी गावातल्या गोरक्षनाथचा टेम्पो दारात लागला. गाईचं दावं चांगुणानंच सोडलं. आक्काबाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"टँकर आला की हिला माघारी आनू, काय गं?"

"व्हय, आत्या," चांगुणा म्हणाली. म्हातारीशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.